विजेचा हिशेब मांडणारा शाळामास्तर

धाराशिव : पावसाने दगा दिला की धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याची सारी भिस्त विहिरीवरच्या नाही तर बोअरच्या मोटारीवर येऊन पडते. तुळजापूर असो, कळंब असो वा भूम-परंडा, रब्बीच्या दिवसांत चित्र बहुधा सारखेच असते. एकाच वेळी अनेक मोटारी सुरू झाल्याने डीपीवर भार वाढतो, विजेचा दाब उतरतो, मोटार नुसतीच घूं घूं आवाज करू लागते आणि थोड्या वेळात जळाल्याचा वास येतो. मग वायरमनला बोलावणे धाडले जाते. तो पिशवीतून मीटर काढतो. आधी व्होल्ट पाहतो, मग टाँग टेस्टर लावून अँपिअर मोजतो आणि शेवटी वीज बंद करून वाइंडिंगचे ओहम तपासतो. तिन्ही वाइंडिंगचे आकडे जवळपास सारखे आले, तर शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. एक आकडा वेगळा आला, तर मोटार वर काढून रिवायंडिंगच्या दुकानाची वाट धरावी लागते आणि तेवढे दिवस पीक उन्हात उभे राहते.

मीटरवरची ही तिन्ही मापे म्हणजे वास्तविक तीन माणसांची नावे आहेत. व्होल्टा हे इटलीतील नामवंत प्राध्यापक. नेपोलियनने त्यांचा सन्मान केला. अँपिअर हे पॅरिसच्या विद्वत्सभेतील थोर गणिती. तिसरे जॉर्ज सायमन ओहम मात्र आयुष्याचा मोठा भाग शाळेत शिकवणारे साधे मास्तर होते. विजेचा दाब, धारा आणि रोध यांचे नाते त्यांनी १८२६-२७ मध्ये मांडले. शालेय विज्ञानात एका ओळीत बसणारे आणि आयटीआयच्या वीजतंत्री व तारतंत्री अभ्यासक्रमांत अगदी सुरुवातीला शिकवले जाणारे हे सूत्र आज कोणालाही अवघड वाटत नाही. पण ते मांडणाऱ्या माणसाला त्यापायी नोकरी सोडावी लागली आणि आयुष्याची पुढची अनेक वर्षे उपेक्षेत काढावी लागली.

कुलूपकाराचा मुलगा

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे बनवणारे कारागीर होते. आई शिंप्याची मुलगी. या दांपत्याला सात मुले झाली. त्यांतील जॉर्ज, मार्टिन आणि एलिझाबेथ ही तिघेच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईचेही निधन झाले.

वडिलांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. परंतु कानशीस आणि हातोडी चालवता चालवता त्यांनी स्वतःच्या बळावर गणित, भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला होता. हे सारे ज्ञान त्यांनी दोन्ही मुलांना घरीच दिले. गावच्या शाळेत विज्ञानाला फारसे स्थान नव्हते. तेथे जुन्या भाषांचे पाठांतर चाले. त्यामुळे जॉर्ज आणि मार्टिन यांची खरी शाळा वडिलांच्या कारखान्यातच भरली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. एर्लांगेन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली तेव्हा ते थक्क झाले आणि त्यांनी दोघा भावांची तुलना प्रख्यात बर्नुली बंधूंशी केली. मार्टिन पुढे बर्लिनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले.

जॉर्ज यांना धातूकामाचा वारसा घरातूनच मिळाला. तार कशी ओढतात, पत्रा कसा कापतात, सांधा घट्ट बसला की सैल, हे त्यांच्या हाताला कळत असे. पुढे ज्या प्रयोगाने त्यांचे नाव अमर केले, त्यातील उपकरण त्यांना स्वतः उभारता आले ते या हातांमुळेच.

सोळाव्या वर्षी, १८०५ मध्ये ते विद्यापीठात दाखल झाले. मात्र तेथे त्यांचे लक्ष अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरून घसरण्याच्या खेळात अधिक रमले. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवणारे वडील संतापले. तीन सत्रांनंतर त्यांनी जॉर्जना विद्यापीठातून काढले आणि स्वित्झर्लंडला धाडून दिले. १८०६ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, जॉर्ज ओहम तेथील एका शाळेत गणिताचे शिक्षक झाले.

अर्ध्या आयुष्याची वणवण

स्वित्झर्लंडमध्ये आधी शाळेत आणि नंतर खासगी शिकवण्या करून ओहम यांनी काही वर्षे काढली. लांग्सडोर्फ यांच्यामागे हायडेलबर्गला जाऊन शिकण्याची त्यांची इच्छा होती. परंतु गुरूंनी त्यांना ऑयलर, लाप्लास आणि लाक्रोआ या गणितींचे ग्रंथ स्वतःच वाचून काढण्याचा सल्ला दिला. ओहम यांनी तो शब्दशः पाळला. १८११ मध्ये एर्लांगेनला परतून त्यांनी त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला डॉक्टरेट मिळवली आणि तेथेच अध्यापन सुरू केले. मात्र त्या जागेवर मिळणाऱ्या पैशांत पोट भरणे कठीण होते. तीन सत्रांतच त्यांना ती सोडावी लागली.

१८१३ मध्ये बाम्बर्ग येथील एका सुमार शाळेत त्यांना नोकरी मिळाली. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली आणि त्यांची रवानगी त्याच गावातील दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेल्या शाळेत झाली. या काळात त्यांनी भूमितीचे एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि त्याचे हस्तलिखित थेट प्रशियाच्या राजाकडे पाठवले. पुस्तक पसंत पडले आणि १८१७ मध्ये त्यांना कोलोन येथील जेझुइट विद्यालयात गणित व भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा मिळाली. पुढे जगप्रसिद्ध गणिती झालेले डिरिख्ले हे याच शाळेत काही काळ त्यांचे विद्यार्थी होते.

कोलोनची ही शाळा बऱ्यापैकी संपन्न होती आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे भौतिकशास्त्राची चांगली प्रयोगशाळा होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी विजेच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची हलते, हे दाखवून दिले आणि सारा युरोप विजेच्या प्रयोगांकडे वळला. ओहमही वळले. दिवसा वर्गात शिकवायचे आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. तिशी उलटलेल्या या मास्तरांना विद्यापीठात जागा हवी होती आणि ती मिळवायची तर काहीतरी भरीव काम हातून व्हायला हवे, याची त्यांना जाणीव होती.

चुकलेले सूत्र आणि सुधारलेला प्रयोग

त्या काळी विजेबद्दलच्या कल्पना किती धूसर होत्या, हे आज सांगूनही पटणार नाही. व्होल्टा यांच्या घटमालेमुळे वाहती वीज मिळू लागून पाव शतक होत आले होते. तरीही दाब म्हणजे काय आणि धारा म्हणजे काय, हा फरक स्पष्ट नव्हता. तारेच्या एका टोकाशी जेवढी धारा असते तेवढीच दुसऱ्या टोकाशी असते का, यावरही एकमत नव्हते. मोजायचे काय हेच ठरलेले नसल्याने कोणाचे आकडे कोणाशी जुळत नसत.

ओहम यांनी प्रश्न सोपा केला. तार जसजशी लांब करावी तसतशी विजेची चुंबकीय ओढ किती कमी होते, एवढेच त्यांनी मोजायला घेतले. १८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील सूत्र मात्र चुकीचे निघाले. दोष त्यांच्या गणिताचा नव्हता, विजेच्या उगमाचा होता. रासायनिक घटाचा दाब स्थिर राहत नसे. जोडणी केली की तो झपाट्याने उतरे, काही वेळाने पुन्हा चढे. उतरत्या-चढत्या दाबावर घेतलेली मापे एका सूत्रात बसणार कशी?

जर्मन शास्त्रीय नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी त्यांना रासायनिक घट सोडून उष्णतेवर चालणारा विद्युतउगम वापरण्याची सूचना केली. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की वीज वाहू लागते, हा शोध झेबेक यांनी १८२१ मध्येच लावला होता. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळते तोवर त्याचे तापमान बदलत नाही आणि बर्फ वितळतो तोवर त्याचेही बदलत नाही. अशा रीतीने अजिबात न हलणारा दाब त्यांच्या हाती आला. धारा मोजण्यासाठी त्यांनी तारेवर चुंबकसूची टांगली. वीज सुरू होताच सूची सरके; तिला मूळ जागी आणण्यासाठी वरून जितका पीळ द्यावा लागे, तितकी धारा.

मग त्यांनी सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार जोडायची, पीळ नोंदवायचा आणि पुढची घ्यायची. जानेवारी १८२६ मधील या नोंदींत २ इंचांच्या तारेला सुमारे ३२७, ३४ इंचांच्या तारेला सुमारे १३४ आणि १३० इंचांच्या तारेला सुमारे ४८ असे आकडे मिळाले. सगळे आकडे एका साध्या सूत्रात चपखल बसले. तारेच्या लांबीत सव्वावीस मिळवायचे आणि ७२८५ ला त्या बेरजेने भागायचे. कोणीही कागदावर करून पाहावे; ३४ अधिक २०.२५ म्हणजे ५४.२५, आणि भागाकार येतो १३४.३.

हे सव्वावीस आले कोठून, याचे उत्तर ओहम यांनी प्रयोगातूनच काढले. तापमानातील फरक कमी करताच वरचा ७२८५ हा आकडा कमी झाला, सव्वावीस मात्र तसाच राहिला. याचा अर्थ उघड होता. वरचा आकडा विजेला ढकलणाऱ्या दाबाचा होता. खालची बेरीज रोधाची होती. त्यातील लांबी ही बाहेरच्या तारेची, तर सव्वावीस हा उपकरणाच्या आतील भागाचा रोध. दाब भागिले रोध म्हणजे धारा, हा नियम असा उकळते पाणी, बर्फ आणि आठ तारा यांतून बाहेर आला. आधीच्या वर्षीचे स्वतःचे सूत्र त्यांनी मागे घेतले आणि सुधारित नियम प्रसिद्ध केला.

नळदुर्गचे पाणी आणि तारेतील वीज

ओहम यांच्या विचाराला फ्रेंच गणिती फूरिये यांचा आधार होता. उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते आणि तिचा प्रवाह तापमानातील फरकावर व मधल्या वस्तूवर अवलंबून असतो, हे फूरिये यांनी १८२२ च्या ग्रंथात दाखवले होते. तापमानातील फरकाच्या जागी विजेचा दाब आणि उष्णतेच्या प्रवाहाच्या जागी विद्युतधारा ठेवली की तेच गणित लागू पडते, हे ओहम यांनी ओळखले.

धाराशिवकरांना हे समजून घेण्यासाठी उष्णतेपेक्षा पाण्याचे उदाहरण जवळचे वाटेल. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेला बंधारा आहे आणि त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. पाणी जितके उंच साठेल तितका त्याचा जोर अधिक. हा झाला विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट. दर सेकंदाला किती पाणी वाहून जाते, ती झाली धारा, म्हणजे अँपिअर. पाण्याला जायला वाट रुंद आणि आखूड असेल तर ते भरभर जाते, चिंचोळी आणि लांब असेल तर अडखळते. ही अडवणूक म्हणजे रोध, म्हणजे ओहम.

तारेचेही असेच असते. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो, जाडीचे क्षेत्रफळ दुप्पट केले की रोध निम्मा होतो. शिवाय तार कोणत्या धातूची आहे यावरही तो ठरतो. दाब आणि धारा ठाऊक असतील तर रोध काढायला एकच भागाकार पुरतो. २३० व्होल्टवर एखादा पाणी तापवण्याचा रॉड ५ अँपिअर धारा घेत असेल, तर त्याचा रोध २३० भागिले ५, म्हणजे ४६ ओहम. वायरमनचा मीटरही आतून हेच करतो. स्वतःच्या बॅटरीची ठरावीक लहानशी धारा वाइंडिंगमधून सोडतो, दोन टोकांमधील दाब मोजतो आणि भागाकार पडद्यावर दाखवतो.

बर्लिनमधील पराभव

नियम हाती आल्यावर ओहम यांनी ऑगस्ट १८२६ पासून निम्म्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि भाऊ मार्टिन यांच्याकडे बर्लिनला जाऊन ग्रंथलेखन केले. विद्युतमंडलाची गणिती मांडणी करणारा हा ग्रंथ १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून एखादे विद्यापीठ प्राध्यापकाची जागा देऊ करील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटेच घडले. ग्रंथाकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले आणि ज्यांनी लक्ष दिले त्यांतील काहींनी तो झोडपून काढला. बर्लिनचे पोल हे त्यांचे कडवे टीकाकार ठरले.

याला काही कारणे होती. त्या काळी बर्लिनवर हेगेल यांच्या तत्त्वज्ञानाचा मोठा प्रभाव होता आणि शिक्षण खात्यातील वरिष्ठही त्याच विचारांचे होते. निसर्गाचे मर्म चिंतनातून उलगडते. तारांची लांबी मोजून आणि समीकरणे मांडून ते हाती येत नाही, अशी तेथील अनेकांची धारणा होती. दुसरीकडे प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी अनेकांना गणिताची सवय नव्हती. यात ओहम यांचाही थोडा वाटा होता. ज्या प्रयोगांतून नियम निघाला, त्यांना त्यांनी ग्रंथात दुय्यम स्थान दिले आणि सिद्धांताची अवघड मांडणी पुढे ठेवली. त्यामुळे हे सारे केवळ कल्पनेचे इमले आहेत, असा समज करून घेणे टीकाकारांना सोपे गेले.

अपमान आणि निराशा यांनी ओहम खचले. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय ३९, हाती कायमची जागा नाही, आणि ज्या कामावर सारी आशा होती तेच नोकरीच्या आड आलेले. पुढची पाच-सहा वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये गणिताचे तास घेऊन कशीबशी काढली. ते अविवाहित होते; आयुष्यभर तसेच राहिले. या काळात त्यांनी नियम मागे घेतला नाही, की टीकाकारांना खूश करण्यासाठी त्यात बदलही केला नाही. आधी प्रयोगाने चूक दाखवताच ती मान्य करणारा हा माणूस, प्रयोगाचा आधार नसलेल्या टीकेपुढे मात्र झुकला नाही.

विलंबाने आलेला मान

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली आणि १८३९ मध्ये ते तिचे प्रमुख झाले. दरम्यान त्यांचा नियम हळूहळू पसरत होता. जर्मनीत फेश्नर यांनी १८३१ मध्ये स्वतंत्र प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. फ्रान्समध्ये पुईये यांना तशाच प्रयोगांतून तेच आढळले. रशियात लेंझ यांनी तो वापरात आणला. १८४१ मध्ये ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना आपले सर्वोच्च मानाचे कोप्ली पदक बहाल केले. स्वदेशात मिळाला नाही तो मान असा परदेशातून आला. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्यांना आपले परदेशी सदस्य करून घेतले.

मग मायदेशालाही जाग आली. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. १८४९ मध्ये ते म्युनिकला अकादमीच्या उपकरणसंग्रहाचे प्रमुख म्हणून गेले आणि विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले. तरुणपणापासून ज्या पदाचा ध्यास घेतला होता, ते विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचे पद त्यांना १८५२ मध्ये मिळाले. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते. हे पद त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच त्यांचे निधन झाले.

योगायोग असा की, त्याच १८५४ मध्ये भारतात कोलकाता, आग्रा आणि मुंबई यांना जोडणाऱ्या तारायंत्राच्या तारा ताणल्या जात होत्या. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा भाग असलेला तेव्हाचा नळदुर्ग जिल्हा आदल्याच वर्षी निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला होता. १८६० मध्ये तो परत निजामाकडे गेला. शेकडो मैल लांब तारेतून संदेश पोहोचवायचा तर तिचा रोध किती आणि त्यासाठी घट किती लावायचे, हा हिशेब ओहम यांच्या नियमाशिवाय होत नव्हता. विद्वानांनी उशिरा स्वीकारलेला हा नियम तारायंत्राच्या अभियंत्यांसाठी असा रोजच्या वापराची गोष्ट झाला. रोधाचे माप सर्वांचे सारखे हवे ही गरजही त्यातूनच पुढे आली आणि १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने त्या मापाला ओहम हे नाव दिले.

आणखी एक गोष्ट उशिरा उघडकीस आली. इंग्लंडचे हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास हाच संबंध ओळखला होता. धारा मोजायला साधन नसल्याने त्यांनी स्वतःला बसणाऱ्या झटक्याच्या तीव्रतेवरून अंदाज बांधला होता. पण त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही. त्यांच्या नोंदी मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये जगापुढे आणल्या. म्हणून नाव राहिले ते ओहम यांचेच.

शक्तीचा हिशेब

ओहम यांच्या नियमाने दाब, धारा आणि रोध यांचे नाते कळले. वीज काम किती करते, हा पुढचा प्रश्न होता. धारा वाहताना तारेत निर्माण होणारी उष्णता ही रोध आणि धारेचा वर्ग यांच्या गुणाकाराइतकी असते, हे इंग्लंडचे जेम्स जूल यांनी १८४०-४१ मध्ये प्रयोगांनी दाखवले. दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती, हे सूत्र त्याच नात्याचे दुसरे रूप होय. शक्तीच्या मापाला वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणारे जेम्स वॅट यांचे नाव द्यावे, असे विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचवले.

वर उल्लेखिलेल्या रॉडचेच उदाहरण घ्यावे. २३० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ११५० वॅट. दाब १८० व्होल्टवर उतरला आणि रोध ४६ ओहमच राहिला, तर धारा ३.९ अँपिअर होते आणि शक्ती सुमारे ७०४ वॅट उरते. दाब पाव हिश्श्याहूनही कमी घटला, शक्ती मात्र जवळपास चाळीस टक्क्यांनी घटली. पाणी तापायला वेळ लागेल, इतकेच. रॉडचे नुकसान काही होणार नाही.

मोटारीचे तसे नसते. फिरत्या मोटारीत पुरवठ्याच्या विरुद्ध असा उलट दाब तयार होत असतो, त्यामुळे तिचा हिशेब इतका सरळ राहत नाही. विहिरीतून पाणी वर ओढण्याचे काम तेवढेच करायचे असल्याने दाब उतरला की मोटार अधिक धारा घेते. धारा २० टक्क्यांनी वाढली तर वाइंडिंगमधील उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते. मोटार अडकून थांबली तर उलट दाबच नाहीसा होतो आणि धारा एकदम उसळते. वाइंडिंगवरील आवरण जळते ते या उष्णतेने. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले ठरलेल्या अँपिअरवर पडावा म्हणून बसवलेला असतो, तो याचसाठी. मोटार सारखी बंद पडते म्हणून त्याची मर्यादा वाढवून ठेवणे किंवा तो आखडून टाकणे म्हणजे मोटार जाळण्याची तयारी करण्यासारखेच आहे.

खांबापासून विहिरीपर्यंतच्या केबलचेही हेच. विहीर २०० मीटर दूर असेल, तर सिंगल फेज मोटारीसाठी जाण्या-येण्याची मिळून ४०० मीटर तार लागते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या एवढ्या तारेचा रोध सुमारे ३ ओहम भरतो. १० अँपिअर धारा वाहिली की ३० व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि ३०० वॅट वीज केबल तापवण्यात जाते. खांबावर २३० व्होल्ट असले तरी मोटारीपर्यंत २०० च पोहोचतात. तार दुप्पट क्षेत्रफळाची घेतली तर ही गळती निम्म्यावर येते. केबल घेताना वाचवलेले पैसे पुढे रिवायंडिंगवर जातात, ते असे.

मोजमापाचे ऋण

ओहम यांच्या नावाचे माप आज शास्त्राच्या अत्यंत पक्क्या पायावर उभे आहे. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० मध्ये लावलेल्या एका शोधामुळे रोधाचे माप निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांशी जोडता आले आणि २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीतही ओहमची व्याख्या अशा स्थिरांकांवरच आधारलेली आहे. ज्या न्यूरेंबर्गने त्यांना पडत्या काळात आसरा दिला, तेथील तंत्रविद्यापीठ आज त्यांचे नाव अभिमानाने मिरवते.

धाराशिवच्या शिवारात आता ठिकठिकाणी सौर पंप दिसू लागले आहेत. डीपीवरची वीज असो की पॅनेलवरची, हिशेब तोच राहतो. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम यांपैकी दोन कळले की तिसरा सापडतो, आणि तो वेळीच सापडला तर मोटार वाचते. दुष्काळी भागात मोटार वाचणे म्हणजे पाण्याची पाळी वाचणे, आणि पाळी वाचणे म्हणजे हंगाम वाचणे. मोटारीच्या पाटीवर लिहिलेले अँपिअर आणि मीटरवर दिसणारे अँपिअर ताडून पाहायला मिनिटभर पुरते. उकळते पाणी आणि बर्फ यांच्यामध्ये आठ तारा जोडून बसलेल्या कोलोनच्या एका शाळामास्तरांनी या मिनिटाची किंमत आधीच मोजून ठेवली आहे.